फाईल जपा, लेकराचं काळीज तपासून घ्या

(महासंघाच्या वार्षिक सभेत आरोग्याच्या सत्रात बिलोली तालुक्यातल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. ताईंच्या आणि त्यांच्या मुलीच्या इच्छेनुसार नाव आणि गाव छापलेलं नाही. भाषण त्यांच्या बोलीतच ठेवलं आहे.)



मला गटाचा हिशोब सांगायला उभं केलं असतं तर मी अर्धा तास न थांबता बोलले असते. आज मला आरोग्यावर बोला म्हणून सांगितलंय. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, पण खरं सांगा, बैठकीत बचत झाली, कर्ज झालं, परतफेड लिहिली की आपण सतरंजी गुंडाळतो. आरोग्याचा विषय पुढच्या बैठकीला ढकलतो. म्हणून आज मी पुस्तकातलं नाही, माझ्या घरातलं सांगणार आहे. मुलीला विचारूनच बोलते. ती म्हणाली, "आई, सांग. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडंल."

माझी मुलगी आठ वर्षांची होती. २००९ साल होतं. तिच्या मानेत गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी, मग लिंबाएवढी. दुखत नव्हती. संध्याकाळी ताप यायचा, रात्री घामानं फ्रॉक ओला व्हायचा. सगळे म्हणाले टीबीची गाठ आहे. टीबीच्या गोळ्या काही महिने चालल्या. गाठ काही कमी होईना. मग नांदेडला गाठीचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला हॉजकिन लिम्फोमा. म्हणजे गाठींचा कॅन्सर.

कॅन्सर म्हटल्यावर आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. लहान लेकराला कॅन्सर होतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी बैलजोडी विकली आणि देवगिरीनं आम्ही मुंबई गाठली. धर्मशाळेत राहिलो. सलाईनमधून औषधं झाली, ज्याला केमो म्हणतात. त्यातलं एक औषध लाल रंगाचं असायचं. ते दिल्यावर लघवीसुद्धा लालसर व्हायची. पोरगी घाबरायची. मग मानेला आणि छातीला शेक दिला. आपल्याकडं त्याला लाईट देणं म्हणतात. केस गेले, परत आले. २०१० मध्ये उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, "आजार गेला. पण दरवर्षी दाखवायला येत जा. औषधांचा त्रास पुढं कधी कधी उशिरा दिसतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं. ते मला कुणी सांगितलंच नाही असं मी म्हणणार नाही. ऐकलं, पण मनात ठेवलं नाही. आजार गेला, एवढंच मी मनात ठेवलं.

चार वर्षं आम्ही मुंबईला जात राहिलो. मग दुष्काळ पडला. २०१४, २०१५ आणि २०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवतोय. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या विहिरीला तळ लागला. त्यात मुंबईचं जाणं कुठून होणार? आणि पोरगी तर ठणठणीत. शाळेत जाते, खेळते, खाते. मग कायला जायचं, असं म्हणून आम्ही जाणं बंद केलं.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातंय. पोरगी न्हातीधुती झाली तशा सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात हाय. उद्या पाहुणे येतील. हे कागद घरात कायला ठेवायलीस?" मी ती फाईल चुलीत घातली. एवढी जाड फाईल. एकेक पान टाकत बसले. मला वाटलं, पोरीच्या मागची पीडा जाळली.

पुढं २०२२ साल उजाडलं. मुलगी एकवीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैत्रिणींबरोबर धावायला जायची. आठशे मीटर धावायचं असतं. आधी ती पुढं असायची, मग मागं पडायला लागली. धाप लागायची. मी म्हटलं, अंगात रक्त नसेल. शेंगदाण्याचे लाडू दिले, लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन चांगलं निघालं.

मग आमच्या आशाताई तिला एका डॉक्टरकडं घेऊन गेल्या. त्यांनी कार्डिओग्राम काढला. तो बरा आला. आम्ही उठणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या मानेवरच्या व्रणाकडं गेलं. "हा व्रण कशाचा?" पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. शेवटी तिनंच सांगितलं, "लहानपणी कॅन्सर झाला होता." डॉक्टर परत खुर्चीत बसले. म्हणाले, "लाल औषध दिलं होतं का? छातीला लाईट दिली होती का? फाईल कुठाय?"

फाईल कुठाय, याचं माझ्याकडं काय उत्तर होतं?

त्यांनी नांदेडला इको करायला पाठवलं. इको झाला आणि कळलं की तिचं हृदय जेवढं रक्त फेकायला पाहिजे तेवढं फेकत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या औषधांचा आणि शेकाचा तो परिणाम होता.

बायांनो, हे कसं होतं ते मी आता तुम्हाला सांगते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. पण या दोन-तीन वर्षांत मी एवढ्या डॉक्टरांना एवढे प्रश्न विचारलेत की आता मला हे नीट सांगता येतं.

त्या लाल औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन. त्याच्याच जातीचं दुसरं डॉनोरुबिसिन. इटलीत जमिनीतल्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून ही औषधं निघाली. रक्ताचा कॅन्सर, गाठींचा कॅन्सर, हाडाचा कॅन्सर, लहान मुलांच्या अशा कितीतरी आजारांत ती वापरतात. या औषधांनी लाखो लेकरं वाचली. माझीही वाचली. म्हणून त्यांना कुणी शिव्या देऊ नका, आणि कुणाच्या लेकराला केमो चालू असेल तर हे भाषण ऐकून ती बंद करू नका. तसं केलं तर मी आज बोलून पाप केलं असं होईल.

पण हे औषध कॅन्सरच्या पेशींना मारतं तसं हृदयाच्या स्नायूलाही थोडं दुखावतं. हाताला कापलं तर कातडी परत येते. हृदयाच्या स्नायूच्या पेशी तशा परत येत नाहीत, जवळपास नाहीच. लहान लेकराचं हृदय मुठीएवढं. त्यातल्या काही पेशी गेल्या, तर उरलेल्या पेशींनीच पुढं मोठ्या शरीराला रक्त पुरवायचं. लेकरू सहा वर्षांचं असताना ते भागतं. वीस वर्षांचं झालं, उंची वाढली, काम वाढलं, की ओढाताण सुरू होते. छातीला शेक दिला असेल तर हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि झडपा यांनाही पुढं त्रास होऊ शकतो.

आपल्या बोअरची मोटार डोळ्यासमोर आणा. आतली मोटार झिजायला लागली तरी पहिल्या दिवशी कळत नाही. टाकी भरतेच, जरा वेळ जास्त लागतो एवढंच. आपण म्हणतो लाईट कमी असेल. टाकीत पाणी पडायचं थांबलं की मग आपण मोटार वर काढतो, तेव्हा ती जळालेली असते. हृदयाचंही तसंच आहे. धाप लागणं, पायाला सूज येणं, रात्री आडवं झालं की खोकला येणं, उशाला दोन उशा लागणं, छातीत धडधड होणं, ही लक्षणं उशिरा येतात. त्याच्या आधी कितीतरी वर्षं झीज चालू असते. आणि बाईला धाप लागली की आपण काय म्हणतो? रक्त कमी असंल, काम जास्त झालं असंल. मीही तेच म्हटलं.

ही गोष्ट जगाला उशिराच कळली. १९९१ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी, त्यात डॉ. लिपशुल्ट्झ नावाचे डॉक्टर होते, रक्ताच्या कॅन्सरमधून बरी झालेली ११५ मुलं तपासली. सगळ्यांना हे लाल औषध दिलेलं होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या हृदयाच्या कामात काही ना काही दोष निघाला. त्या काळी डोसही मोठे होते. आता डॉक्टर जपून देतात. नंतरच्या तपासण्यांत असंही दिसलं की फार लहान वयात औषध दिलेल्यांना आणि मुलींना धोका जास्त असतो. मुलींना जास्त, हे लक्षात ठेवा.

त्याच १९९१ साली आपल्या मुंबईत टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं. त्याला एसीटी क्लिनिक म्हणतात, म्हणजे 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट', उपचार संपल्यानंतरचं. उपचार संपून दोन वर्षं झाली आणि आजार परत आला नाही, अशा मुलांना तिथं घेतात. त्यांचं हृदय, वाढ, बाकीचं आरोग्य, शाळा, सगळं पाहतात. आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या मदतीनं बऱ्या झालेल्या मुलांनीच २००९ साली 'उगम' नावाचा गट काढला. लहानपणी कॅन्सर झालेली आणि आता मोठी झालेली ही मुलं-मुली एकमेकांना धीर देतात. माझी मुलगी पहिल्यांदा आपल्यासारख्या दुसऱ्या मुलीशी बोलली, त्या दिवशी ती रात्री उशिरापर्यंत हसत होती. एवढी वर्षं तिला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच झालं.

आता कामाचं सांगते. वही-पेन असेल त्यांनी लिहून घ्या.

पहिली गोष्ट, इको म्हणजे काय. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी आपण सगळ्यांनी केलीय. तशीच हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको. छातीवर थंड जेल लावतात, यंत्र फिरवतात, पडद्यावर हृदय हलताना दिसतं. सुई नाही, भूल नाही, दुखत नाही. अर्ध्या तासाचं काम. त्यात एक आकडा येतो, त्याला ईएफ म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरलं, त्यातलं शंभरात किती एका ठोक्यात बाहेर फेकलं, तो हा आकडा. साधारण ५५ ते ७० असला की बरं. माझ्या मुलीचा ४४ होता. रिपोर्ट हातात आला की हा आकडा विचारा आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा मागच्या वेळी किती होता आणि आता किती, हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं. काही ठिकाणी 'स्ट्रेन' नावाचं आणखी बारीक मोजमाप करतात. त्यात ईएफ कमी व्हायच्या आधीच स्नायूचा थकवा दिसू शकतो.

कार्डिओग्राम चांगला आला म्हणून घरी जाऊ नका. कार्डिओग्राम म्हणजे स्टार्टरपर्यंत वीज नीट येते का ते पाहणं. मोटार पाणी किती फेकते ते त्यात कळत नाही. ते इकोत कळतं.

दुसरी गोष्ट, इको कुणी करायचा आणि कधी. कॅन्सर झालेल्या प्रत्येक मुलाला लाल औषध दिलेलं नसतं. काहींना नुसतं ऑपरेशन, काहींना दुसरी औषधं. म्हणून सगळ्यांनी घाबरायचं नाही. किती औषध दिलं आणि छातीला किती शेक दिला, त्यावर धोका ठरतो. जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून नियम केलेत, २०२३ साली ते नव्यानं लिहिले. त्यातले दोन आकडे सांगते. लाल औषधाचा सगळा मिळून डोस २५० किंवा त्याच्या वर असेल, किंवा छातीचा शेक ३० ग्रे किंवा त्याच्या वर असेल, तर जास्त धोका. दोन्ही दिलं असेल तर याहून कमी आकड्यांनाही जास्त धोका धरतात. लाल औषध १०० आणि शेक १५ ग्रे झाला तरी तो त्यात मोडतो. अशांनी दर दोन वर्षांनी इको करायचा. मधल्या धोक्याचे असतील, म्हणजे नुसतं लाल औषध १०० ते २५० च्या मधे किंवा नुसता शेक १५ ते ३० च्या मधे, त्यांनी दर पाच वर्षांनी. उपचार संपल्यावर दोन वर्षांच्या आत पहिला इको, आणि मग हे आयुष्यभर. पाच वर्षं झाली, आता सुटलो, असं यात नाही. माझ्या मुलीला औषध ३०० झालं होतं आणि वर छातीचा शेक. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून जास्त धोक्याच्या गटात होती आणि आम्ही आठ वर्षं घरी बसलो.

हे आकडे तोंडपाठ करायची गरज नाही. ते तुमच्या फाईलमध्ये लिहिलेले असतात. फाईल घेऊन डॉक्टरांपुढं बसायचं आणि विचारायचं, "आमचं लेकरू कोणत्या गटात? पुढचा इको कधी?" एवढे दोन प्रश्न.

तिसरी गोष्ट, फाईल. सगळी जाड फाईल नसली तरी एक कागद पाहिजेच. उपचाराचा सारांश म्हणतात त्याला. त्यात पाच गोष्टी असाव्यात. आजाराचं नाव. उपचार कधी सुरू झाले आणि कधी संपले. कोणकोणती औषधं दिली आणि लाल औषधाचा सगळा मिळून डोस किती. शेक कुठं दिला आणि किती ग्रे दिला. आणि रुग्णालयाचा नोंदणी नंबर. या कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरात ठेवा, एक माहेरी द्या. फोनमध्ये फोटो काढून मुलाच्या फोनवरही पाठवा. लेकरू मोठं झालं की तो कागद त्याच्या हातात द्या. तो त्याचा आहे, आपला नाही.

फाईल हरवली असेल, भिजली असेल, किंवा माझ्यासारखी कुणी जाळली असेल, तर वाट संपली असं समजू नका. माझ्याकडं रेशन कार्डाच्या पिशवीत एक जुना कागद निघाला. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला सवलत मिळते, त्या फॉर्मची झेरॉक्स होती. त्यावर रुग्णालयाचा नोंदणी नंबर होता. तो नंबर घेऊन आम्ही मुंबईला गेलो आणि तिथून उपचाराचा सारांश मिळाला. त्यात ३०० हा आकडा होता. माझ्या चुलीत जळालेला आकडा मला परत मिळाला. तुमच्याकडं जुनी पावती, जुना डिस्चार्ज कागद, औषधाची चिठ्ठी, काहीही असेल तर शोधा. उपचार मुंबईला झाले असोत, हैदराबादला झाले असोत की आपल्या संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात, नंबर असला की शोध सोपा होतो.

चौथी गोष्ट, हृदयावरचा बाकीचा भार कमी करायचा. औषधानं हृदय आधीच थोडं दुखावलेलं आहे. त्यावर बीपी वाढला, साखर वाढली, वजन वाढलं, तंबाखू आली, की धोका कितीतरी पटीनं वाढतो. मुलांना गुटख्यापासून लांब ठेवा. आणि बायांनो, मिश्रीही तंबाखूच आहे. मी स्वतः लावत होते. पोरीच्या रिपोर्टनंतर सोडली. तिला "तू लावू नको" म्हणायला माझं तोंड तरी मोकळं पाहिजे ना. अशा मुलांचा बीपी वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात मोजून घ्या. खेळणं, चालणं बंद करू नका. ते हृदयाला चांगलंच असतं. फक्त धावण्याची तयारी, जड वजन उचलणं असलं काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाचवी गोष्ट खास आपल्या पोरींसाठी. बाई गरोदर राहिली की तिच्या अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. ते सगळं त्याच हृदयानं फिरवायचं. चांगल्या हृदयाला ते पेलतं. दुखावलेल्या हृदयाला जड जाऊ शकतं. म्हणून लहानपणी असे उपचार झालेल्या मुलीनं दिवस जायच्या आधी इको करायचा. तसं झालं नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत तरी करायचा. आणि हृदयासाठी गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायचं, कारण त्यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत. स्वतःच्या मनानं गोळ्या बंदही करायच्या नाहीत. अशा मुलीचं बाळंतपण कुठं करायचं हे डॉक्टरांनी आधीच ठरवायला पाहिजे. आशाताईला ही गोष्ट पहिल्या नोंदणीच्या दिवशीच सांगा. पुष्कळ मुली नीट बाळंत होतात. फक्त डॉक्टरांना माहीत पाहिजे.

इथंच येतो लग्नाचा विषय. तुमच्या मनात तो मघापासूनच आला असेल.

सासूबाईंची भीती खोटी नव्हती. आमच्या मुलीला दोन स्थळं आली आणि गेली. आम्ही खरं सांगितलं म्हणून गेली. एकांनी तर "हे लागतं का?" असंही विचारलं. कॅन्सर लागत नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून होत नाही. आणि बहुतेक मुलांच्या कॅन्सरमध्ये तो पुढच्या पिढीत जात नाही. काही थोडे प्रकार घराण्यात चालतात, जसा लहान बाळाच्या डोळ्याचा एक कॅन्सर. ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. पण मी एक सांगते. लपवून लग्न केलं असतं, आणि सासरी दिवस गेल्यावर तिला धाप लागली असती, तर ती कुणाला सांगणार होती? तिकडंही कुणी म्हटलं असतं, रक्त कमी असंल. एकवीस वर्षं मी तिला जपलं आणि एका गुपितापायी तिला अशा घरात पाठवलं असतं, जिथं तिच्या जिवाचा कागद कुणाला माहीत नाही.

तिसरं स्थळ आलं. मुलाला आम्ही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या इकोला मी पण येतो." आला. नांदेडला दोघं बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. २०२४ मध्ये लग्न झालं.

आता तिची तब्येत विचाराल. गोळ्या चालू आहेत, रोज, न चुकता. मागच्या इकोत ईएफ ५० आला. डॉक्टर म्हणाले, "पूर्वीसारखं पूर्ण होईल असं सांगत नाही. पण घसरण थांबलीय." पोलीस भरती सोडावी लागली. त्या दिवशी ती खूप रडली. आता ती शिवणकाम करते आणि आपल्याच गटाची लेखापाल आहे. बाळाचा विचार पुढचा इको पाहून करायचा असं ठरलंय. ती आणि जावई दोघं वाट पाहतायत. मीही वाट पाहते.

आम्ही इको दर दोन वर्षांनी करत राहिलो असतो, तर ही झीज धाप लागायच्या आधी दिसली असती का? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, "बहुतेक दिसली असती. गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या." ते मला दोष देत नव्हते. पण मी रात्री झोपताना तो हिशोब करते. तुमच्यावर तो हिशोब करायची वेळ येऊ नये, म्हणून आज इथं उभी आहे.

शेवटी, आपल्या गटांनी काय करायचं?

एक. आपली सरकारी आरोग्य पथकं अंगणवाडीत आणि शाळेत लेकरं तपासतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पण तो अठरा वर्षांपर्यंत. ही हृदयाची झीज बऱ्याचदा त्याच्या पुढंच दिसते. अठरा ओलांडलं की या पोरांना विचारणारं कुणी उरत नाही. तिथं आपण विचारायचं. शाळेतल्या तपासणीच्या वेळी पथकाला लेकराचा जुना आजार आपणहून सांगायचा.

दोन. गावात कोणाच्या लेकराला कॅन्सर झाला होता, याची यादी करू नका आणि बैठकीत नावं घेऊ नका. लोक अजून समजून घेत नाहीत, मी भोगलंय. त्या बाईच्या घरी एकटीनं जायचं, चहा प्यायचा आणि कानात सांगायचं, "फाईल आहे का? इको कधी केला?" एवढं पुरे.

तीन. पैशाचं. आमचा इको खाजगीत दीड हजाराला झाला. मुंबईचं जाणं-येणं वेगळं. मी गटातून पाच हजार कर्ज घेतलं, दहा हप्त्यांत फेडलं. आपल्या गटांतून लग्नाला कर्ज मिळतं, बियाण्याला मिळतं. तपासणीला मागणारीला "आजारी तर दिसत नाहीस" असं म्हणू नका. आजारी दिसत नसताना केलेली तपासणीच कामाची असते. सरकारी रुग्णालयात आधी विचारा, नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

बायांनो, आपण गटाच्या वह्या किती जपतो बघा. पासबुक, ठराव वही, कर्ज खातं. दहा वर्षांपूर्वी कोणी किती घेतलं ते आपण काढून दाखवतो. लेकराच्या जिवाचा एक कागद आपण तसाच जपू शकतो. मी जपला नाही. तुम्ही जपा.

आज घरी गेल्यावर ज्यांच्या घरात, भावकीत, माहेरी असं लेकरू आहे, त्यांनी ट्रंक उघडायची आणि तो कागद बाहेर काढायचा. सापडला तर मला फोन करा. नाही सापडला तर नक्की करा, आपण मिळून शोधू.

एवढं बोलून थांबते. जय जिजाऊ, जय सावित्री.